नेपोलियनचा डॉक्टर आणि खंबाटकीचा घाट

इतिहासाच्या तासाला मी पस्तीस वर्षं नेपोलियन शिकवला. ऑस्टर्लिट्झ, मॉस्कोची माघार, वॉटर्लू, सेंट हेलेना... सनावळ्या आजही झोपेत विचारा. पण त्याच्या सैन्यात डोमिनिक लारे नावाचा एक शल्यवैद्य होता, हे मला निवृत्त झाल्यावर समजलं. आमच्या पुस्तकात तो नव्हता. (असता तरी परीक्षेला येत नाही म्हणून मी गाळलाच असता, हेही कबूल करतो.)

१७९२ साली हा लारे फ्रेंच सैन्याबरोबर ऱ्हाईनच्या आघाडीवर होता. तेव्हाची रीत अशी, की जखमींच्या गाड्या रणांगणापासून बऱ्याच मागे थांबायच्या आणि लढाई संपली की मग पुढे यायच्या. तोवर कित्येक शिपाई पडल्या जागी संपलेले असत. लारेने पाहिलं, की घोड्यांच्या तोफा वाऱ्यासारख्या इकडून तिकडे धावतात. मग डॉक्टरानेच मागे का राहायचं? त्याने घोड्यांच्या हलक्या गाड्या तयार करवल्या. त्यांना नाव पडलं 'उडत्या रुग्णगाड्या'! लढाई चालू असतानाच शल्यवैद्य त्यांच्याबरोबर पुढे जायचा. आणि आधी कोणाला बघायचं? ज्याची जखम जास्त गंभीर त्याला. हुद्दा पाहायचा नाही, आपला की शत्रूचा हेही नाही.

पुढे लोकांच्या लक्षात 'उडती' एवढंच राहिलं. बरोबर डॉक्टर होता, हे विसरायला झालं. ते पुन्हा शिकायला पावणेदोनशे वर्षं लागली, असं माझं मत आहे.

हेलिकॉप्टरची उडती रुग्णगाडी युद्धात प्रथम चालली ती आपल्या शेजारी, ब्रह्मदेशात. एप्रिल १९४४. एक लहान अमेरिकन विमान जपानी फौजांच्या पिछाडीला पडलं. त्यात वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक. आसामातल्या लालाघाटच्या तळावर तेव्हा सिकोर्स्की कंपनीची नवीकोरी हेलिकॉप्टरं आली होती. त्यातलं एक घेऊन कार्टर हर्मन नावाचा तरुण लेफ्टनंट टप्प्याटप्प्याने डोंगर ओलांडून गेला. इंजीन इतकं दुबळं, की त्या उष्ण हवेत चालकाशिवाय एकच माणूस उचलता येई. म्हणून चार खेपा. दोन खेपांनंतर इंजीन तापलं, तेव्हा रात्र नदीच्या वाळवंटात काढली आणि उरलेल्या दोघांना दुसऱ्या दिवशी आणलं. चौघेही सुटले. हा हर्मन मुळात संगीताचा विद्यार्थी. युद्धानंतर तो पुन्हा संगीताकडेच वळला. असो.

कोरियाच्या युद्धात (१९५० ते ५३) हेलिकॉप्टरने जखमी नेणं नित्याचं झालं. त्या बेल हेलिकॉप्टरांची छायाचित्रं मी नीट पाहिली आहेत. स्ट्रेचर आत नाही, बाहेर! दोन्ही बाजूंना एकेक, पायांच्या नळ्यांवर बांधलेलं. जखमी माणूस उघड्यावर, वाऱ्यात. वाटेत रक्त सुटलं तर त्याला हात लावायला कोणी नाही. लवकर पोचला तर वाचला. व्हिएतनाममध्ये मोठी ह्यूई हेलिकॉप्टरं आली, स्ट्रेचर आत गेलं आणि शेजारी एक प्रशिक्षित शिपाई बसू लागला. बदल दिसायला लहान, पण मला सगळ्यांत मोठा वाटतो तो हाच.

यानंतर ही विद्या युद्धातून रस्त्यावर उतरली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. कौली यांनी जखमीच्या पहिल्या तासाला 'सोनेरी तास' म्हटलं, आणि १९७० पासून मेरीलँडचे पोलीस अपघातग्रस्तांना हेलिकॉप्टरने आणू लागले. जर्मनीत १९६९ मध्ये पोहून घरी निघालेल्या एका आठ वर्षांच्या मुलाला मोटारीने धडक दिली. रुग्णगाडी यायला जवळजवळ तास लागला आणि मुलगा गेला. जखमा जीवघेण्या नव्हत्या. तो धक्क्याने, शॉकने गेला. त्याच्या आईवडिलांनी मुलाच्या नावाने संस्था काढली आणि जन्मभर या कामाचा पाठपुरावा केला. १९७० च्या नोव्हेंबरात म्युनिकला 'क्रिस्टोफ १' हे हेलिकॉप्टर सुरू झालं. त्यात डॉक्टर होता.

आणि लंडन. तिथे १९८९ साली अशी सेवा सुरू झाली. लोकवर्गणीवर चालते, ऐकून आश्चर्य वाटेल! लाल हेलिकॉप्टर भर शहरात, चौकात, बागेत उतरतं. डॉक्टर आणि पॅरामेडिक खाली उतरतात, तिथेच रस्त्यावर भूल देतात. १९९३ साली तर त्यांनी रस्त्यावरच छाती उघडून एकाला वाचवलं. २०१२ पासून रक्तही बरोबर नेतात. गंमत म्हणजे रात्री हेलिकॉप्टर उडत नाही. तेव्हा हेच डॉक्टर साध्या मोटारीने जातात आणि तेच काम करतात. यंत्र बदललं तरी चालतं, आतली माणसं तीच लागतात.

हे वाचत होतो त्या रात्री मला झोप लागली नाही.

१९७८ चा मे महिना. आमच्या शाळेचे ड्रॉइंगचे मास्तर आणि मी त्यांच्या लॅम्ब्रेटावरून पुण्याहून परत येत होतो. खंबाटकीच्या घाटात एका ट्रकने चाटून नेलं. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्यांची मांडी फाटली होती. आम्ही चौघांनी हातापायांना धरून त्यांना दुसऱ्या ट्रकमध्ये घातलं. कोणीतरी पाणी पाजलं. ड्रायव्हर देवमाणूस, जिवाच्या आकांताने गाडी हाकली. मी शेजारी बसलो, एका हातात त्यांचा हात. जखमेवर रुमाल ठेवला होता. नुसता ठेवला होता. मूठ रोवून, सगळा भार टाकून दाबून धरायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी बी.ए. होतो, नेपोलियन तोंडपाठ होता. पाऊण तास ते माझ्याशी बोलत होते, मग बोलेनासे झाले.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, तीत डॉक्टर असतो. घाटातून जाताना ती दिसली की मी खिडकीतून वळून बघतो.

वहिनींनी तेव्हा विचारलं होतं, "शेवटी काही बोलले का हो?" मी सांगितलं, सहावी ब च्या चित्रांना मार्क द्यायचे राहिलेत म्हणाले. ते खरंच तसं म्हणाले होते. रुमालाचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.