सॅक्सोफोनचें धातूचें मुख

अ‍ॅडॉल्फ सॅक्स यानें १८४६ सालीं पॅरिसमध्यें सॅक्सोफोनचें पेटंट घेतलें. त्या काळचें मुख, म्हणजे माउथपीस, लांकडाचें आणि आंतून रुंद व गोल असे. म्हणून स्वर मृदु येई. पुढें अमेरिकेंतील नृत्यवृंदांत तुताऱ्यांच्या गजरापुढें टेनर सॅक्सोफोन लोपूं लागला. तेव्हां, १९३० नंतर, न्यूयॉर्कच्या ऑटो लिंकचीं धातूचीं मुखें वादकांत रुळलीं. जॉन कोल्ट्रेनचा सूर पुढें त्यांतूनच उमटला. स्वराचें मर्म मात्र धातूपेक्षां आंतील पोकळींत आणि बोरूची पट्टी जिच्यावर कंप पावते त्या कडेच्या वळणांत आहे. तेथें केसभर जास्त घासलें कीं सारें बिघडतें. म्हणून शेवटची कानस अनेकदां हातानेंच फिरवतात. असें जमलेलें मुख हरवलें, तर वादकाला आपला गळाच गेल्यासारखें वाटतें.