बाकावरची प्रेक्षक, मैदानावरचा नायक

‘हलकीफुलकी’ हे विशेषण मराठी समीक्षेत सहसा कौतुकासाठी वापरले जात नाही. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांवर रंजनवादाचा शिक्का बसला, तेव्हापासून तरुणांच्या प्रेमकथेविषयी गांभीर्याने लिहिताना आपली लेखणी थोडी आखडतेच. अमेरिकेत कॉलेजातला बेसबॉलपटू आणि त्याची सहाध्यायी यांच्या प्रेमाच्या खेळकर कादंबऱ्या आज मोठ्या आवडीने वाचल्या जातात. त्यांच्याही वाट्याला हाच संकोच येतो. ही आवड केवळ फावल्या वेळची करमणूक आहे, असे म्हणून विषय संपवता येईल. परंतु या कथांचा इतिहास पाहिला तर वेगळेच काही हाती लागते.

योगायोग असा की, हलक्या कादंबरीची बाजू आणि बेसबॉल खेळणारी नायिका या दोन्ही गोष्टी एकाच जुन्या पुस्तकात भेटतात. जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ १८१७च्या अखेरीस, लेखिकेच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तिची नायिका कॅथरीन मोरलँड चौदाव्या वर्षी पुस्तकांपेक्षा बेसबॉलमध्ये रमणारी आहे. हा आजचा अमेरिकी खेळ नव्हे, तर इंग्लंडमधल्या मुलामुलींचा जुना खेळ. याच कादंबरीत ऑस्टिन मध्येच थांबून कादंबरी वाचणाऱ्या मुलींची आणि कादंबरीकारांची ठामपणे कड घेते. म्हणजे आपल्या या कथेच्या उगमापाशी मुलगी खेळतेही आहे आणि वाचतेही आहे.

पुढे ती मैदानावरून बाजूला कशी झाली? अमेरिकेतल्या दोन कॉलेजांमधला पहिला बेसबॉल सामना १८५९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड येथे झाला. अ‍ॅमहर्स्टने विल्यम्सला ७३-३२ असे हरवले. त्यानंतर सातच वर्षांनी, १८६६मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार या स्त्रियांच्या कॉलेजात विद्यार्थिनींचे बेसबॉल क्लब होते. वास्तवातली मुलगी मैदानावर उतरली होती. तिला प्रेक्षकांच्या बाकावर बसवले ते लोकप्रिय कथेने.

ही कथा १८९६ साली आकाराला आली. स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेच्या ‘टिप टॉप वीकली’ या पाच सेंटच्या साप्ताहिकात गिल्बर्ट पॅटन यांनी ‘बर्ट एल. स्टँडिश’ या टोपणनावाने फ्रँक मेरीवेल हा नायक आणला. पॅटन स्वतः कधी कॉलेजात शिकले नव्हते. त्यांचा नायक मात्र येल विद्यापीठात गेला आणि दोन्ही दिशांना वळणारा अशक्यप्राय चेंडू टाकू लागला. इन्झा बरेज आणि एल्सी बेलवुड या दोघींमध्ये त्याचे मन दीर्घकाळ झुलत राहिले, अखेरीस त्याने इन्झाशी लग्न केले. पण या मालिकेचे केंद्र फ्रँकचा पराक्रमच होता. ज्या मुलांसाठी ती लिहिली जात होती, त्यांना नायिकेच्या नजरेतून सामना पाहण्याची गरजच वाटली नसावी.

आजच्या कादंबरीने नेमका हाच कोन फिरवला. एल केनेडी या कॅनेडियन लेखिकेच्या ‘द डील’ (२०१५) या कादंबरीत खेळ आइस हॉकीचा आहे, पण नायिका आणि नायक आळीपाळीने ‘मी’ म्हणून बोलतात. कॉलेजातल्या खेळाडूंच्या अनेक प्रेमकथांनी, बेसबॉलच्या कथांनीही, हीच रचना वापरली. बाकावरची प्रेक्षक आता निवेदक झाली. खेळाडूचा रुबाब तिला दिसतो, तशी त्याची घाबरगुंडीही दिसते. विनोद उपजतो तो या दोन दृश्यांमधल्या अंतरातून.

बेसबॉल या विनोदाला विशेष साथ देतो. दहा वेळा बॅट घेऊन तीनदा सुरक्षित फटका मारणारा खेळाडू इथे उत्तम मानला जातो. अपयश हा या खेळाचा नित्याचा व्यवहार आहे. त्यामुळे नायकाला फजिती पचवण्याची सवय असते, आणि प्रेमकथेत ती गुणकारी ठरते. शिवाय हा नायक फार मोठा राजपुत्रही नसतो. २०२५पर्यंतच्या नियमांनुसार वरच्या श्रेणीतल्या फुटबॉल संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, तर बेसबॉल संघाला साऱ्या मिळून ११.७! अर्धी-पाव शिष्यवृत्ती विभागून घेणारा हा मुलगा वाचकाला जवळचा वाटतो. आणि सामन्याला घड्याळ नसले, तरी कथेला असते: चार वर्षांच्या कॉलेजातल्या खेळाडूला साधारणपणे तिसऱ्या वर्षानंतर व्यावसायिक संघ निवडू शकतात. ‘तो जाणार की राहणार’ हा प्रश्न लेखकाला आयता मिळतो, आणि कितीही हसतखेळत चाललेल्या कथेखाली विरहाची बारीक धग राहते.

तरीही एक उणीव मान्य करायला हवी. १९७२च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याने अमेरिकी कॉलेजांमध्ये मुलींच्या खेळाला मोठे बळ मिळाले, पण चेंडूफळीच्या या घराण्यात त्यांच्या वाट्याला मुख्यतः सॉफ्टबॉल आला. बेसबॉलच्या प्रेमकथेतली नायिका बोलू लागली, हसवू लागली, नायकाला चार शब्द सुनावूही लागली. चेंडू मात्र बहुधा त्याच्याच हातात राहिला. दरम्यान खेळाडूंना २०२१पासून आपल्या नावावर कमाई करता येऊ लागली आणि २०२५पासून विद्यापीठांना त्यांना थेट मोबदला देण्याची वाटही मोकळी झाली. हौशी खेळाचे ते निरागस जग कादंबरीत आता स्मरणरंजन म्हणूनच उरेल.

म्हणूनच या कादंबऱ्या अभ्यासक्रमाच्या उंबरठ्याबाहेर ठेवू नयेत, असे वाटते. मुलीने खेळ कुठून पाहावा आणि त्याविषयी कोणी बोलावे, या प्रश्नाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास त्यांच्या हलक्या पानांत नोंदलेला आहे. कॅथरीन मोरलँडने मात्र दोनशे वर्षांपूर्वीच खेळायला सुरुवात केली होती. तिच्या वारसदारांना मैदानापर्यंतची वाट पुन्हा चालावी लागते आहे, आणि त्या ती हसत चालतात.