टेंभलीचा क्रमांक आणि ‘कोणी पाहिलं?’ हा प्रश्न

मंडळी, आजचा विषय ऐकून वाटेल की लोणखेड्यात बसून आपण हे बंगळुरूचं बोलणं कशाला करतोय! पण या गोष्टीचा आरंभ आपल्याच शहादा तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. १२ आकड्यांच्या त्या क्रमांकाने काय मिळेल, हा प्रश्न तेव्हा साहजिक होता. आज आपण दुसरा प्रश्न घेऊ : त्या क्रमांकामागची माहिती कोण पाहतं, आणि पाहिलेलं आपल्याला कळतं का?

जुनी चावडी आठवा. दप्तर रुमालात बांधलेलं असे. ते सोडलं की त्यातलं सगळंच दिसे. पण सोडायला तलाठ्यासमोर बसावं लागे, आणि कोण बसलं होतं हे गावाला कळे. म्हणजे लपवण्याची सोय कमी होती, पण पाहणाराही उघडा होता. संगणकाने हा हिशेब उलटा केला. आता कुणीतरी, कुठूनतरी आपली माहिती वाचतो आणि मागे पाऊलही उमटत नाही. मुद्दाम नोंद ठेवली तरच उमटतं.

साल्टझर आणि श्रोडर या दोन संशोधकांनी १९७५ सालीच एक तत्त्व मांडलं होतं : ज्याचं जेवढं काम, तेवढाच त्याला अधिकार. माहितीचा तक्ता घ्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल, बोटांचे ठसे, बुबुळं असे त्यात रकाने असतात. खोलीला एक मोठं कुलूप लावलं आणि आत गेलेल्याला सगळे रकाने मोकळे सोडले, तर ते कुलूप चोरासाठी झालं. आतल्या माणसाचं काय? म्हणून रकान्यारकान्याला वेगळं कुलूप हवं.

आधारमध्ये हे काही अंशी सुरुवातीपासून होतं. पडताळणी करताना यंत्र ठसे परत पाठवत नाही. जुळले की नाही, एवढंच सांगतं. २०१६ च्या कायद्याच्या कलम २९ ने ठसे-बुबुळांची माहिती इतरांना देण्यास मनाई केली. पण बाकीच्या रकान्यांचं काय? जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’ने बातमी दिली की ५०० रुपयांत एक लॉगिन मिळालं आणि कुणाचाही क्रमांक टाकला की नाव, पत्ता, फोन दिसू लागलं. ठसे सुरक्षित आहेत, तक्रार निवारणासाठीच्या शोध-सोयीचा गैरवापर झाला असावा, असं प्राधिकरण म्हणालं. यातच खरा धडा आहे. भिंत फोडावी लागली नाही. दारच गरजेपेक्षा मोठं होतं.

त्याच महिन्यात प्राधिकरणाने १६ आकड्यांचा, हवा तेव्हा बदलता येणारा आभासी क्रमांक जाहीर केला. त्याआधी २०१७ मध्ये संस्थांना सांगितलं गेलं होतं की आधार क्रमांक वेगळ्या तिजोरीत, कूटरूपात ठेवा आणि रोजच्या कामात त्याच्या जागी नुसता संदर्भ-क्रमांक वापरा. म्हणजे टेबलावरच्या कारकुनापुढे खरा क्रमांक येतच नाही.

आता पाळतीचं. कोणी काय पाहिलं याची नोंद हवी. पण ती नोंदच उद्या आपल्यावरची पाळत होऊ शकते. रेशन कुठे घेतलं, सिमकार्ड कधी घेतलं, हे सगळं एकत्र जोडलं की माणसाचं आयुष्यच समोर उभं राहतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मग २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार टिकलं, पण पडताळणीच्या नोंदी पाच वर्षं ठेवायची तरतूद सहा महिन्यांवर आली. आम्हाला हा भाग फार मोलाचा वाटतो. पहारेकऱ्यावर पहारा हवा, आणि त्या पहाऱ्यालाही मुदत हवी.

शेवटी राहतो तो माणूस. शेतात राबून ज्याची बोटं झिजली, त्याला यंत्र ‘जुळत नाही’ म्हणतं, तेव्हा त्याच्या बाजूने काय नोंदलं गेलं हे त्याला दिसायला हवं. पडताळणीचा आपला इतिहास पाहायची सोय आज आहे. शेवटचे चारच आकडे दिसणारी आधारची प्रतही मिळते. झेरॉक्स देताना ती द्या, आणि तो इतिहास एकदा उघडून पाहा. पहिला क्रमांक आपल्या तालुक्यात आला, ‘कोणी पाहिलं?’ हे विचारण्यात आपण मागे का राहावं?