यकृत प्रत्यारोपणोत्तर आहार

यकृत प्रत्यारोपणानंतर रुग्णाचे पोषण व आतड्यांचे आरोग्य सांभाळण्यासाठी दिला जाणारा आहार. यकृतविकारात स्नायू झिजलेले असल्याने हा आहार उपचाराचाच भाग ठरतो. शक्यतो शस्त्रक्रियेनंतर १२ ते २४ तासांत तोंडावाटे किंवा नाकातील नळीने अन्न सुरू करतात. आतड्यात अन्न पोहोचले की तेथील अस्तर टिकते आणि संसर्गाचा धोका घटतो. सुरुवातीच्या काळात दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ७२ ते ९० ग्रॅम.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे शिळे अन्न, न उकळलेले पाणी, कच्चे दूध आणि मोड आलेली कच्ची कडधान्ये वर्ज्य असतात. मटकीची उसळ मात्र नीट शिजवून चालते. पपनस व ग्रेपफ्रूटमुळे टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. जुलाबांतही ते वाढू शकते, म्हणून जुलाब अंगावर काढू नयेत. मायकोफेनोलेट या अशाच दुसऱ्या औषधाने जुलाब होण्याचा, तर स्टेरॉइडने रक्तशर्करा वाढण्याचा संभव असतो. जिवंत जिवाणूंची पूरके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. दात्याने दिलेले यकृत जपण्यात घरच्या ताज्या, गरम जेवणाचा वाटा मोठा आहे.