बिआत्रिझ नासिमेंतो यांचे इतिहासलेखन आणि ‘किलोंबो’ या संज्ञेचा पुनर्विचार

प्रस्तावना :

ब्राझीलमध्ये गुलामगिरी १३ मे १८८८ रोजी कायद्याने रद्द झाली. अमेरिका खंडात ती सर्वांत शेवटी रद्द करणारा हाच देश होय. त्यापूर्वीच्या साडेतीन शतकांत सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून तेथे आणली गेली. मात्र त्यांचा इतिहास प्रामुख्याने ‘गुलामांचा इतिहास’ म्हणून लिहिला गेला. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिल्बेर्तो फ्रेरे यांच्या ग्रंथानंतर तर ब्राझील म्हणजे वर्णसलोख्याचा देश, ही समजूत विद्वत्मान्य झाली. या समजुतीला इतिहासाच्या अंगाने आव्हान देणाऱ्या बिआत्रिझ नासिमेंतो (१९४२-१९९५) यांच्या कार्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नासिमेंतो यांचा जन्म सेर्झिपे राज्यातील अराकाझू येथे एका गवंड्याच्या घरी झाला. १९४९ मध्ये हे कुटुंब रिओ द जानेरोला स्थलांतरित झाले. तेथील विद्यापीठातून त्यांनी १९७१ मध्ये इतिहासाची पदवी घेतली आणि राष्ट्रीय अभिलेखागारात उमेदवारी केली. त्या काळी देशात लष्करी राजवट होती. वर्णभेदाचा नुसता उच्चारही संशयास्पद ठरे. अशा वातावरणात १९७४ पासून त्यांनी लेखनास प्रारंभ केला. कृष्णवर्णीयांचा इतिहास कृष्णवर्णीयांनीच लिहावयास हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७७ मध्ये साओ पाउलो विद्यापीठात भरलेल्या कृष्णवर्णीयविषयक परिषदेत त्यांनी ते निर्भीडपणे मांडले.

‘किलोंबो’चा अर्थ :

त्यांच्या संशोधनाचा गाभा म्हणजे ‘किलोंबो’ ही संज्ञा. लिस्बनच्या सागरपार परिषदेने (गोव्याचा कारभारही याच परिषदेच्या कक्षेत येई) १७४० मध्ये तिची व्याख्या केली. त्यानुसार पळून गेलेल्या पाचांहून अधिक कृष्णवर्णीयांची निर्जन भागातील कोणतीही वस्ती म्हणजे किलोंबो. मग तेथे झोपड्या उभारलेल्या नसोत की उखळे सापडोत वा न सापडोत. ही व्याख्या पकडणाऱ्याची आहे, राहणाऱ्याची नव्हे. घर आणि उखळ नसले तरी गुन्हा सिद्ध होतो. असले तरी त्यांतून दिसणाऱ्या संसाराची, शेतीची दखल घेतली जात नाही. आणि इतिहासकारांनी दीर्घकाळ हीच व्याख्या उसनी घेतली, हे अधिक खेदजनक आहे.

नासिमेंतो यांनी शब्दाचे मूळ अंगोलात शोधले. तेथील इम्बांगाला लोकांत किलोंबो ही दीक्षा घेतलेल्या योद्ध्यांची संघटना होती. भिन्न कुळांतील माणसे तीत एकत्र येत. या दृष्टीने पाहता सतराव्या शतकातील पाल्मारिस हे केवळ पलायनाचे ठिकाण उरत नाही, ती एक समाजरचना ठरते. नासिमेंतो येथेच थांबल्या नाहीत. किलोंबो ही संस्था पुढे प्रतिकाराचे प्रतीक बनली, असे त्यांनी १९८५ च्या निबंधात दाखविले. फावेला म्हणजे शहरातील झोपडवस्त्या, कांदोंब्ले पंथाची उपासनास्थाने आणि सांबा मंडळे यांतही त्यांना तिचे सातत्य जाणवले. राकेल जेर्बेर दिग्दर्शित ‘ओरी’ (१९८९) या माहितीपटात ही मांडणी त्यांच्याच आवाजात ऐकावयास मिळते.

हे सातत्य कागदपत्रांनी पूर्णतः सिद्ध होते, असे म्हणता येणार नाही. अंगोलातील छावणी आणि रिओमधील टेकडीवरची वस्ती यांना जोडणारा दुवा बव्हंशी वैचारिक आहे. तथापि, गुलामगिरीविषयक सरकारी कागदपत्रे जाळण्याचा आदेश १८९० मध्ये खुद्द अर्थमंत्री रुई बार्बोसा यांनी दिला होता, हे येथे विसरता कामा नये. चर्चची व न्यायालयांची दप्तरे पुष्कळ उरली. पण त्यांतही गुलामांचा स्वतःचा शब्द क्वचितच भेटतो. म्हणूनच नासिमेंतो यांनी देह, स्मृती आणि विधी यांनाही साधने मानले.

१९८८ च्या राज्यघटनेतील संक्रमणकालीन तरतुदींच्या ६८ व्या कलमाने किलोंबो-वंशजांच्या वस्त्यांना जमिनीचा मालकी हक्क दिला. अंमल मात्र रेंगाळला. २८ जानेवारी १९९५ रोजी जोडीदाराकडून छळ सोसणाऱ्या एका मैत्रिणीची बाजू घेतल्यामुळे त्या जोडीदाराने नासिमेंतो यांची हत्या केली. त्या वेळी त्या पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, पाल्मारिसचा नेता झुंबी याच्या मृत्यूला तीनशे वर्षे पूर्ण होत असताना, पारा राज्यातील बोआ विस्ता या वस्तीला या कलमाखालील पहिला मालकीपट्टा मिळाला. २०२२ च्या जनगणनेत किलोंबोवासीयांची प्रथमच स्वतंत्र नोंद झाली. ती संख्या १३ लाखांहून अधिक भरली. नासिमेंतो यांचे कागद आज रिओच्या त्याच राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेले आहेत.