श्रोत्याचा स्वभाव : जांबचे समर्थ आणि टिपऱ्यांचे घर

विनोदाविषयी गंभीरपणे लिहू लागले की रामदासांचे एक वचन हटकून आडवे येते. विनोद ही टवाळांची आवड, एवढाच त्याचा अर्थ घेऊन समर्थांना विनोदाचे वैरी ठरवण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. ते वचन ‘दासबोधा’त नेमके कोठे येते, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते सातव्या दशकाच्या नवव्या समासात आहे आणि त्या समासाचा विषय विनोद नसून श्रवण हा आहे. ज्ञानी, साधक, कृपण असे नाना प्रकारचे श्रोते सांगून, ज्याची जशी प्रकृती तशी त्याची ऐकण्याची रुची, हे रामदास तेथे दाखवतात. विनोदप्रिय टवाळ हा त्या यादीतला केवळ एक श्रोता.

रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जांब येथे झाला. हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते. त्याच जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकणारी मुले आज ‘संभाषणकौशल्य’ या नावाचा विषय अभ्यासतात. त्या विषयाचा भर बोलण्यावर असतो : उच्चार, हावभाव, मुलाखतीतली उत्तरे. समर्थांनी मात्र श्रवणासाठी सलग दोन समास खर्ची घातले. या दोन दृष्टींमधले अंतर समजून घ्यायला मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा इतिहास उपयोगी पडतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका लोकप्रिय झाली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. भिडस्त चिमणराव आणि रोखठोक गुंड्याभाऊ यांच्या जोडीत बोलण्याच्या दोन तऱ्हाच समोरासमोर उभ्या राहतात. एकाला मनातले धड सांगता येत नाही, दुसऱ्याला मनात ठेवता येत नाही. येथला विनोद बोलणाऱ्याच्या फजितीचा आहे.

२००१ मध्ये अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली. तिचा आधार प्रभावळकरांचेच ‘अनुदिनी’ हे पुस्तक होते, दिग्दर्शक केदार शिंदे. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शिऱ्या आणि शलाका, अशा तीन पिढ्या एका छपराखाली. येथे विनोदाचे केंद्र सरकलेले दिसते. एकच गोष्ट घरातला प्रत्येक जण आपापल्या वयाच्या आणि काळजीच्या कानांनी ऐकतो, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. बोलणाऱ्याचे शब्द बरोबर असूनही निरोप पोचत नाही. नवव्या समासातली श्रोत्यांची यादी जणू एका मध्यमवर्गीय घरात नांदायला आली आहे! आबा घरात वडील आहेत, परंतु त्यांचे वडीलपण उपदेशात नाही. नातवंडांची भाषा समजून घेण्याची त्यांची उत्सुकता हेच त्यांचे संभाषणकौशल्य.

या निरीक्षणाला जालन्यात वेगळे वजन आहे. ‘जायलो’, ‘करायलो’ म्हणणारा मराठवाडी विद्यार्थी संभाषणाच्या वर्गात बहुधा गप्प बसतो, कारण आपल्या बोलीला लोक हसतात हे तो आधीच शिकलेला असतो. ते शिकवण्यात विनोदी कार्यक्रमांचाही वाटा आहे. ग्रामीण हेल काढला की हशा मिळतो, हे त्यांतले एक जुने आणि स्वस्त भांडवल. अशा वेळी दोष बोलणाऱ्याच्या जिभेत शोधला जातो, ऐकणाऱ्याचे कान कोणी तपासत नाही. टिपऱ्यांच्या घरातला विनोद नेमकी ही तपासणी करतो आणि म्हणूनच तो कोणाच्या बोलीचा अपमान न करता हसवतो.

प्रमाण भाषा शिकवूच नये, असे येथे सुचवायचे नाही. नोकरीच्या मुलाखतीत तिची गरज पडते, हे उघड आहे. परंतु ज्या वर्गात विद्यार्थ्याचे पहिले वाक्य दुरुस्त होण्याआधी पुरते ऐकून घेतले जाते, त्याच वर्गात तो दुसरे वाक्य बोलतो. श्रवण हा शिष्याचा धर्म असे आपण मानत आलो. शिक्षकाचाही तो तितकाच आहे, एवढे या विनोदी मालिकेपासून घेता आले तरी पुष्कळ झाले.