काटकसरी यंत्राचा हिंवाळा

जर्मनींतील आउग्सबुर्ग नगरीं १८९७ सालीं रूडॉल्फ डीझेल यांच्या यंत्राची परीक्षा झाली. इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें २६ टक्के त्यानें कामास लावली. तत्कालीन वाफेच्या यंत्रांस हें साधत नव्हतें.

या यंत्रांत ठिणगी नाहीं. हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्या तापानेंच तेल पेटतें. परंतु कडाक्याच्या थंडींत गार लोखंड तो ताप शोषून घेतें आणि तेल पेटत नाहीं. म्हणून १९३६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत आलेल्या मर्सिडीझ-बेंझ २६० डी या मोटारींत विजेनें तापणारे हीटर प्लग होते. चालक आधीं ते तापवी, मग यंत्र फिरवी.

यंत्र सुरू झालें, तरी अडचण सरत नाहीं. पेट्रोलचें यंत्र पुष्कळ उष्णता वायां घालवितें. तीच पाण्यावाटें बसणाऱ्यांस ऊब देते. डीझेलचें यंत्र उभ्या गाडींत फारच थोडें तेल जाळतें, म्हणून सावकाश तापतें. हलक्या हातानें गाडी हांकली, तर तें लवकर तापतें. थंड देशांतील कित्येक डीझेल मोटारींत तर उबेसाठीं निराळी सोय करावी लागते.

ज्या काटकसरीनें डीझेलचें नांव झालें, तिचेंच मोल प्रवासी हिंवाळ्यांत कुडकुडून देतो.